चटई रोज पसरण्यासाठी : योगाभ्यासाबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांचं दुखणं एकच आहे : सुरुवात झोकात होते, पुढे टिकत नाही. म्हणून त्याच प्रश्नाला सर्वांत जास्त जागा दिली आहे. ज्यांना औषधं चालू आहेत किंवा शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी इथली उत्तरं आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याला जोडून वाचावीत.

प्रश्न : तीन वेळा वर्ग लावला, तिन्ही वेळा महिना-दीड महिन्यात सुटला. दर वेळी पहाटे पाचला उठून तासभर करायचं ठरवते. पंधरा दिवस जमतं, मग पाहुणे येतात किंवा प्रवास निघतो आणि सगळं बारगळतं. माझ्यात जिद्दच कमी आहे का?

जिद्द भरपूर आहे, नाहीतर तिसऱ्यांदा वर्ग लावला नसता. चुकलंय ते माप. पतंजलींनी अभ्यास पक्का होण्यासाठी तीन अटी सांगितल्या आहेत (योगसूत्र १.१४) : दीर्घकाळ, नैरंतर्य आणि सत्कार, म्हणजे बराच काळ, खंड न पडता आणि आदराने. किती वेळ करायचं, पहाटेच करायचं का, याबद्दल त्या सूत्रात अक्षर नाही. तुम्ही नेमक्या त्या न सांगितलेल्या दोन गोष्टींवर अडून बसलात आणि सांगितलेलं नैरंतर्य त्यापायी मोडलं.

हठयोगप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात तर योग ज्यांनी बिघडतो अशा सहा गोष्टींत (१.१५) अतिआहार, अतिश्रम, वायफळ बडबड यांच्या जोडीला ‘नियमग्रह’ही मोजलाय. त्या ग्रंथावरच्या ब्रह्मानंदांच्या ज्योत्स्ना टीकेत त्याचं उदाहरण आहे पहाटे थंड पाण्याने अंघोळ वगैरे कडक नियमांचा हट्ट. पाच वाजताचा गजर त्याच जातीचा समजा.

आता माप बदलूया. स्वतःसाठी दोन अभ्यास ठरवा, एक २० मिनिटांचा आणि एक ५ मिनिटांचा. रोज २० मिनिटांचा करायचा. ज्या दिवशी घर डोक्यावर असेल त्या दिवशी ५ मिनिटांचा. शून्य मिनिटांचा दिवस मात्र ठेवायचा नाही. ५ मिनिटांना हसू नका. त्या दिवशी शरीराला फार काही मिळत नाही हे खरं, पण दुसऱ्या दिवशी ‘आता पुन्हा सुरुवात करायची’ हा डोंगर समोर उभा राहत नाही. अभ्यास सुटतो तो बहुधा चुकलेल्या पहिल्या दिवशी नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, खाडा भरून काढायचा म्हणून दीड तास करायला बसल्यावर.

२० मिनिटांत काय करायचं ते सांगतो. आधी पाठीवर पडून, गुडघे उभे ठेवून २ मिनिटं श्वास पाहा. मग हात-गुडघ्यांवर येऊन मार्जारासन, श्वास सोडताना पाठ वर, घेताना खाली, अशी ६ आवर्तनं. उभं राहून ताडासन ५ श्वास. अधोमुख श्वानासन (हात-पाय जमिनीवर, कंबर वर उचललेली) ५ श्वास, दोनदा, मध्ये गुडघे टेकून विसावा. त्रिकोणासन दोन्ही बाजूंना ५-५ श्वास. पालथं होऊन भुजंगासन, म्हणजे छाती वर उचलणं, तीनदा, प्रत्येकी ३ श्वास. बसून वक्रासन, म्हणजे पाठीला हलका पीळ, दोन्हीकडे ५ श्वास. पुढे वाकणारं एखादं सौम्य आसन ५ ते ८ श्वास. शेवटी ५ मिनिटं शवासन. शांत श्वास ५-६ सेकंदांचा धरला तर हे सगळं २० मिनिटांत आरामात बसतं. ५ मिनिटांच्या दिवशी मार्जारासन, एक श्वानासन आणि बसून १० मोजलेले श्वास.

हा क्रम सहा आठवडे बदलू नका. रोज नवं काहीतरी शोधत बसलात तर रोज ठरवावं लागेल, आणि ज्या गोष्टीसाठी रोज ठरवावं लागतं ती फार दिवस चालत नाही. घड्याळापेक्षा आधीपासून ठरलेल्या एखाद्या कामाला अभ्यास बांधा : दात घासले की चटई, किंवा कामावरून येऊन हातपाय धुतले की चटई. गजर चुकतो, दात घासणं सहसा चुकत नाही.

एक छोटी वही ठेवा. रोज एकच ओळ : तारीख, मिनिटं, आणि श्वास कुठे अडला. ‘छान वाटलं’ असं लिहू नका, त्यातून पुढे काही वाचता येत नाही. ‘त्रिकोणासन डावीकडे, चौथ्या श्वासाला धाप’ हे उपयोगाचं. आजारपणात आठवडा गेला तर परतल्यावर पहिले तीन दिवस ५ मिनिटांचाच अभ्यास. ताप उतरल्यावर लगेच जोर लावू नये.

प्रश्न : वर्षभर नेमाने आसनं करतोय. एक स्नेही म्हणतात, हा योग नव्हे, नुसता व्यायाम आहे. मग योग म्हणजे नक्की काय?

स्नेह्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. योगाची व्याख्या पतंजलींच्या दुसऱ्याच सूत्रात आहे : चित्ताच्या वृत्तींचा निरोध. तिथे पोहोचण्याची आठ अंगं म्हणजे यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी. एकूण १९५ सूत्रांपैकी (काही प्रतींत १९६) आसनाच्या वाट्याला आली आहेत फक्त तीन, २.४६ ते २.४८. त्यांचा आशय असा की आसन स्थिर आणि सुखाचं असावं. ते प्रयत्न सैल केल्याने आणि मन अनंताशी जोडल्याने साधतं. आणि साधलं की थंडी-ऊन, सुख-दुःख अशी द्वंद्वं त्रास देईनाशी होतात. या सूत्रांवरच्या व्यासभाष्यात आसनांची जी नावं येतात ती मुख्यतः बैठकीचीच आहेत. उभ्याने आणि उलटं करायच्या आसनांचा आजचा पसारा पुष्कळ नंतरचा. १५व्या शतकातल्या हठयोगप्रदीपिकेतही वर्णन आहे ते १५ आसनांचं.

पण म्हणून आसन कमी दर्जाचं ठरत नाही. एकच आसन व्यायाम म्हणून करता येतं आणि योग म्हणूनही. त्रिकोणासनच घ्या. पायांत साधारण साडेतीन फूट अंतर, उजवं पाऊल ९० अंश बाहेर, डावं किंचित आत, हात खांद्यांच्या रेषेत. श्वास सोडत उजव्या खुब्यातून वाकायचं, कंबरेतून नाही, आणि हात जिथे पोहोचेल तिथे : नडगीवर, नाहीतर पावलाच्या बाहेर ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यावर. इथवर व्यायाम. आता पाहा काय होतं. हात जमिनीला लागलाच पाहिजे असं मनात येतं, त्या हट्टापायी छाती जमिनीकडे वळते, उजवा गुडघा आत ढळतो, पावलाची कमान बसते आणि श्वास कधी थांबला ते कळतही नाही. कोणीतरी बघत असेल तर हे सगळं दुप्पट वेगाने होतं!

योग सुरू होतो तो हा हट्ट दिसला की. हात वर घ्या, गुडघ्याची वाटी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला आणा, मागच्या पायाची बाहेरची कड जमिनीत दाबा. मग ज्यांचं इथे काही काम नाही अशा तीन जागा तपासा : दात, जीभ आणि भुवयांमधली आठी. तिथला ताण सोडून पाय मात्र कामाला ठेवता आले, की ‘प्रयत्नशैथिल्य’ म्हणजे काय ते अंगाला कळतं. लक्ष भरकटलं, परत आणलं, पुन्हा भरकटलं, पुन्हा आणलं. योगसूत्र १.१३ मध्ये अभ्यासाची व्याख्या एवढीच आहे : तिथे टिकून राहण्याचा यत्न. स्नेह्यांना सांगा, व्यायामच आहे, फक्त करणाऱ्याकडेही लक्ष ठेवून केलेला.

प्रश्न : पश्चिमोत्तानासनात हात पायाच्या अंगठ्यांपर्यंत पोहोचत नाहीत. दोन महिने जोर लावतेय, आता उजव्या नितंबाखाली एका जागी दुखतं, बसल्यावर जास्त. स्नायू मोकळा होतोय म्हणून दुखतंय असं ऐकलं, खरं का?

नाही, आणि आजपासून तो जोर थांबवा. स्नायू ताणला जातो तेव्हा ओढ मांडीच्या मधल्या मांसल भागात, पसरट जाणवते आणि आसन सोडलं की ओसरते. तुम्ही सांगताय ती जागा बैठकीच्या हाडाची आहे. मांडीमागचे स्नायू ज्या जाड दोरीसारख्या बंधाने त्या हाडाला बांधलेले असतात, तो बंध तिथे दुखावतो. त्याला रक्तपुरवठा कमी, म्हणून तो सावकाश भरून येतो आणि ताणत राहिलं की महिनोन्‌महिने रेंगाळतो. योग करणाऱ्यांच्या नेहमीच्या दुखापतींपैकी ही एक आहे, आणि ती बहुधा मेहनती माणसांनाच होते.

पुढचे चार ते सहा आठवडे पाय सरळ ठेवून पुढे वाकायचं नाही, उभ्यानेही नाही. श्वानासनात गुडघे वाकलेले ठेवा. त्याऐवजी त्या बंधाला हलकं काम द्या : सेतुबंधासनात (पाठीवर पडून, गुडघे उभे) पाय नेहमीपेक्षा वीतभर पुढे ठेवून, टाचा दाबत कंबर उचला, ५ श्वास थांबा, असं ५ वेळा, एक दिवसाआड. करताना थोडं जाणवलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी वाढलं तर कंबर कमी उचला. दुखणं पायात खाली उतरत असेल, मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर हा वेगळा मामला आहे, डॉक्टरांना दाखवा.

आता मूळ आसन. हात का पोहोचत नाहीत? हे स्नायू खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडून जातात. ते आखूड असले की पाय सरळ करताच बैठकीचं हाड पुढे ओढलं जातं, ओटीपोटाचा सांगाडा मागे कलंडतो आणि तुम्ही माकडहाडावर बसता. तिथून पुढे वाकलात तर वाकते ती फक्त कंबर. पाठीचं कुबड होतं, डोकं गुडघ्याकडे येतं, आरशात आसन झाल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात सगळा भार कंबरेच्या मणक्यांवर आणि त्या बंधावर.

उपाय बसण्याच्या उंचीत आहे. घट्ट घडीची चादर किंवा सतरंजी, ३ ते ४ इंच उंच, तिच्या कडेवर बसा, म्हणजे ओटीपोट पुढे कलू शकतं. एकेका नितंबाचं मांस हाताने मागे सारून बैठकीची दोन्ही हाडं घडीवर टेकलेली जाणवून घ्या. गुडघ्यांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा. गुडघा थोडा वाकला की स्नायू लगेच सैल होतो. तळपायांना पट्टा किंवा जुनी ओढणी अडकवा. श्वास घेताना छातीचं हाड वर, सोडताना बेंबी मांड्यांकडे. डोकं नव्हे, बेंबी. बेंबी जिथे थांबेल तिथे आसन झालं. पाठ गोल व्हायला लागली की एक पाऊल मागे. अंगठे धरणं हे या आसनाचं शेवटचं टोक आहे, आणि काहींच्या हाडांची ठेवणच अशी असते की ते टोक कधी येत नाही; त्याने काही बिघडत नाही.

आधार घेणं कमीपणाचं वाटत असेल तर एवढंच सांगतो : व्यासभाष्यातल्या आसनांच्या यादीत ‘सोपाश्रय’ हे एक नाव आहे. अर्थ, आधारासह.

प्रश्न : सकाळी की संध्याकाळी? आणि जेवणानंतर किती वेळाने?

जी वेळ रोज मिळेल ती. पोटभर जेवणानंतर ३ ते ४ तास, हलक्या खाण्यानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. सकाळी पोट रिकामं आणि मन त्यातल्या त्यात मोकळं असतं, पण अंग ताठ असतं : रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून उठल्यानंतरच्या पहिल्या तासात खोल पुढे वाकणं टाळावं. संध्याकाळी अंग सैल असतं, मन मात्र दिवसभराचं ओझं घेऊन येतं.

प्रश्न : रोज ५०० वेळा कपालभाती करतो. अलीकडे चक्कर येते, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात. शुद्धी होते आहे की काही चुकतंय?

चुकतंय. झटके जोरात आणि भराभर मारल्याने गरजेपेक्षा जास्त हवा बाहेर जाते आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. तो उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चक्कर. रक्ताची आम्लता बदलून मोकळं कॅल्शियम घटतं, म्हणून मुंग्या. यात कसलीही घाण बाहेर पडत नाही. थांबून शांत बसलं की काही मिनिटांत सगळं जागेवर येतं. स्वस्थ बसूनही चक्कर येत असेल तर मात्र कपालभातीला दोष देत न बसता तपासून घ्या.

मुळात कपालभाती हा प्राणायाम नाही. धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्यासोबतची ती सहावी शुद्धिक्रिया आहे आणि हठयोगप्रदीपिकेत (२.२१) स्पष्ट म्हटलंय की मेद आणि कफ जास्त असलेल्यांनी आधी या क्रिया कराव्यात, इतरांनी करू नयेत. ५०० चा आकडा त्या ग्रंथात कुठेही नाही. आकड्यांचं वेड आपल्या काळाचं.

करायचीच असेल तर अशी : ताठ बसा, एक तळहात बेंबीखाली. श्वास सोडताना पोटाचा छोटा झटका आत. घेणं आपोआप होऊ द्या, ते ओढून करायचं नाही. खांदे किंवा चेहरा हलत असेल तर जोर जास्त होतोय. सेकंदाला एक झटका, असे २०, मग अर्धा-एक मिनिट साधा श्वास. अशा ३ फेऱ्या पुरेत. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, अपस्मार, गर्भारपण किंवा पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर करू नये. पाळीच्या दिवसांतही टाळावी.

त्याहून मोठा लाभ नाडीशोधनात आहे. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तळव्याकडे मुडपा. अंगठा उजव्या नाकपुडीसाठी, अनामिका डावीसाठी. बोट नाकाच्या मऊ भागावर, हाडाच्या लगेच खाली, नुसतं टेकवायचं; नाक वाकडं होईल इतकं दाबायचं नाही. डावीने घ्या, उजवीने सोडा, उजवीने घ्या, डावीने सोडा : हे एक आवर्तन. पहिला महिना ४ मोजत घेणं, ४ मोजत सोडणं, ६ ते ८ आवर्तनं. नंतर सोडणं ६ वर, मग ८ वर. श्वास रोखणं, म्हणजे कुंभक, हे पुस्तक वाचून सुरू करू नये. मोजमाप बरोबर आहे का, याची खूण एकच : आवर्तन संपल्यावर घाईने तोंडाने श्वास घ्यावासा वाटला, तर आकडा मोठा आहे. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसा वायू वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो, हा हठयोगप्रदीपिकेतला (२.१५) इशारा उगाच नाही.

नाक चोंदलं असेल त्या दिवशी नाडीशोधन सोडून द्या आणि फक्त लांब रेचक करा, म्हणजे श्वास सावकाश सोडा.

प्रश्न : शवासनात झोप लागते. चालेल का?

झोप लागते म्हणजे ती अपुरी आहे. ती रात्रीच पुरी करा. शवासनात अंग सैल आणि मन जागं हवं. कंबर जमिनीपासून उचललेली राहत असेल तर गुडघ्यांखाली उशी, हनुवटी वर जात असेल तर डोक्याखाली चादरीची घडी. डोळा लागतोच असं दिसलं तर एक कोपर जमिनीवर टेकून पुढचा हात उभा ठेवा : डुलकी लागताच तो पडतो आणि जाग येते. उठताना थेट उठून बसू नका, कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठा.

प्रश्न : वय ६३. रक्तदाबाची गोळी चालू आहे, हाडं ठिसूळ झाल्याचं तपासणीत निघालं आहे. नातू मोबाइलवर बघून शीर्षासन शिकवायला निघालाय. या वयात सुरू करावं का?

योग जरूर, शीर्षासन नको. त्यात डोळ्यांतला दाब साधारण दुपटीपर्यंत चढतो, रक्तदाबावर ताण येतो आणि ठिसूळ मणक्यांवर अख्ख्या अंगाचा भार. काचबिंदू असेल तर खाली डोकं असणारं प्रत्येक आसन वर्ज्य, श्वानासनसुद्धा. सर्वांगासन आणि हलासनही यादीतून काढा.

हाडं ठिसूळ असताना धोका असतो तो पाठ गोल करून पुढे वाकण्यात आणि जोराने पीळ देण्यात; त्याने मणका दबून चिरू शकतो. म्हणजे पश्चिमोत्तानासन नको, पाठीवरून उठून बसणंही नको. वाकायचं झालं तर खुब्यातून, पाठ सपाट ठेवून. तुमच्या कामाची आसनं ही : भिंतीला पाठ लावून ताडासन; भिंतीशी उभं राहून वृक्षासन, पाऊल पोटरीवर किंवा घोट्यापाशी, गुडघ्यावर कधीच नाही; पालथं पडून फक्त छाती चार बोटं उचलणं, ३ श्वास, ४ वेळा; आणि खुर्चीवरून हात न लावता सावकाश उठ-बस, ८ ते १० वेळा. हात डोक्यावर नेऊन फार वेळ थांबू नका, कुठेही श्वास रोखू नका. गोळीमुळे उठताना अंधारी येऊ शकते, म्हणून जमिनीवरून उठताना मध्ये बसून ४ श्वास घ्या.

वयाबद्दल हठयोगप्रदीपिका (१.६४) म्हणते : तरुण, वृद्ध, अतिवृद्ध, आजारी, दुबळा, कोणालाही अभ्यासाने सिद्धी मिळते, आळस नसला म्हणजे झालं. नातवाला वृक्षासनात शेजारी उभं करा, भिंत नसेल तेव्हा त्याचा खांदा उपयोगी पडेल.

प्रश्न : ध्यानाला बसलो की दहा मिनिटांत पाय बधिर होतो, मन तर आधीच पळालेलं असतं. पद्मासन जमत नाही म्हणून असं होतंय का?

पद्मासनाचा यात संबंध नाही. उलट खुबा पुरेसा बाहेर वळत नसताना पाऊल मांडीवर ओढलं, तर उरलेला पीळ गुडघ्यावर जातो. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा वाकणारा सांधा; तिथे पीळ दिला की आतल्या बाजूची कुर्चेची गादी चिमटते. आसनात गुडघ्याच्या आत टोचलं तर तिथेच थांबायचं, यात तडजोड नाही.

पाय बधिर होतो तो बहुधा नसेवर दाब आल्याने. बैठक उंच करा : साधी मांडी घाला आणि गुडघे खुब्यांपेक्षा खाली येईतो नितंबांखाली घड्या वाढवत जा. कोणाला ३ इंच लागतात, कोणाला ८. गुडघे तरंगत असतील तर त्यांखालीही घडी. एवढं करूनही जमलं नाही तर खुर्ची. पाठ टेकवायची नाही, पावलं जमिनीवर सपाट. स्थिर आणि सुखाचं, या दोन कसोट्यांवर खुर्ची उतरते.

मनाचं पळणं थांबत नाही, ते लक्षात यायला लागतं इतकंच. त्याला काम द्या : सोडलेला श्वास मोजा, १ ते १०, पुन्हा १. आकडा चुकला की १ वर परत, स्वतःवर न चिडता. १७ पर्यंत मोजत गेलात तर समजा, मोजणारा कोणी दुसराच होता. पहिले दोन महिने १० मिनिटं पुष्कळ.

प्रश्न : मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकलं तर चालेल की गुरू हवाच?

क्रम आठवण्यासाठी व्हिडिओ ठीक. पण तुमचा गुडघा आत ढळलाय हे पडद्याला दिसत नाही. निदान आठवड्यातून एकदा, पहिले सहा महिने, शिकवणारं माणूस समोर हवं. शिकवणाऱ्याची पारख सोपी आहे : ते पहिल्याच दिवशी दुखणी विचारतात का, तुमच्यासाठी आसन बदलून देतात का, आणि स्वतः करून दाखवण्यापेक्षा तुमच्याकडे बघण्यात त्यांचा वेळ जातो का. आजार बरा करण्याची हमी देणाऱ्यापासून आणि न विचारता अंगावर भार टाकणाऱ्यापासून लांब राहा.

प्रश्न : दोन वर्षं एकही आठवडा न चुकता अभ्यास चालू आहे. पहिल्या वर्षी रोज फरक दिसायचा, आता सहा महिने सगळं जिथल्या तिथे. कंटाळा येतो. काही नवं शिकावं का?

पतंजलींनी योगमार्गातले नऊ अडथळे मोजलेत (१.३०) : व्याधी, मनाची जडता, संशय, हलगर्जी, आळस, विषयांची ओढ, भलताच समज, पुढची पायरी न लाभणं आणि लाभलेली न टिकणं. तुमचा आठवा, अलब्धभूमिकत्व. यादीत तो आजारपण आणि आळस यांच्या पंक्तीला बसलाय, म्हणजे वाटेतला नेहमीचा मुक्काम आहे.

नवं आसन घेतलंत तर कंटाळा महिनाभर लपेल आणि मग नव्या आसनासह परत येईल. त्याऐवजी जुन्यातलं एक निवडा, शक्यतो ज्याचा तिटकारा येतो ते, आणि महिनाभर त्याचे ५ चे १० श्वास करा. सहाव्या-सातव्या श्वासाला आत काय कुरबुर सुरू होते ते वहीत त्याच शब्दांत लिहा. आठवड्यातून एक दिवस आसनं निम्मी करून उरलेला वेळ नाडीशोधनाला द्या. आणि स्वाध्याय जोडा : साधनपाद, म्हणजे सूत्रांचा दुसरा भाग, रोज एक सूत्र, अर्थासह, अभ्यासाच्या आधी. त्यात ५५ सूत्रं आहेत, दोन महिन्यांच्या आत होतील. पहिल्या पादाने सुरुवात केली तर समाधीचे प्रकार वाचूनच दम लागतो. दुसरा पाद आपल्यासारख्यांसाठी आहे.

वहीची जुनी पानंही एकदा चाळा. दोन वर्षांपूर्वी ‘चौथ्या श्वासाला धाप’ लिहिलं होतं तिथे आता काय लिहिता?